संपावरची दोन वाक्यं

तीर्थरूप बाबा,
तुमच्या लेकीचा इथूनच वाकून नमस्कार.

अखेर तुमच्या नातीसाठी, मिरचीसाठी, इतिहासाचं पुस्तक ठरलं! दहावी घरीच करायची म्हटल्यावर पुस्तकांचा नुसता ढीग पडला होता. एकात राजेच राजे, दुसऱ्यात सनावळ्या. हे मात्र गोष्टीसारखं वाचता येतं. जेवणाचं टेबल हाच आमचा वर्ग. काल चहा सांडला तो नेमका महायुद्धावर!

शाळा सोडवली म्हणून काळजी करू नका. पोर आता शांत झोपते.

पण रेल्वेच्या संपावर पुस्तकात दोनच वाक्यं: संप झाला. संप मोडला. मिरची उसळलीच. "आजोबा होते ना त्यात? मग हे पुस्तक अर्धवट आहे!" तिने तिथे कोरा कागद चिकटवून वर तुमचं नाव घातलंय. मजकूर तुम्ही पाठवायचा. संपाचा विषय निघाला की तुम्ही उठून जाता, ठाऊक आहे मला. पण नातीला नाही म्हणवेल?

खोकला कसा आहे? आई म्हणते बरा, दादा म्हणतो नाही.

मिरचीची एकच अट आहे. पत्रात लिहिता तसं "इकडे सर्व ठीक" लिहायचं नाही. इतिहासात ते चालत नाही म्हणे.

मलाही आता चालत नाही, बाबा.

तुमची,
नवी मास्तरीणबाई