लेबल खरवडलेली बाटली

सावदा, ४ जानेवारी १९९२

ती. नानांस लोटनचा सा. न. वि. वि.

पान कापताना केळीचा देठ कुंदाच्या डोळ्यात बसला, मोतीबिंदू झाला, जळगावला भिंग बसवलं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण डोळा लालच. डॉक्टर म्हणतात, आत बुरशी धरलीय. दर तासाला थेंब, तेही सहा महिने. फार झोंबतात म्हणून पोर रडते. लाली घालवणारे दुसरे थेंब घातलेत तर बुरशी माजून डोळा जाईल, असं त्यांनी दोनदा बजावलं. वीस तारखेला शिंदखेड्याचे पाहुणे तिला बघायला येणार. पुढे ढकलू का?

कळावे, लोटन

धुळे, ९ जानेवारी

चि. लोटनास आशीर्वाद.

शाळेत सुईवाला आला की तू केळीत लपायचास, अजून तसाच आहेस. वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे मी. मुलाच्या वडिलांना, भाईदासभाऊंना, मी शब्द दिलाय. लाल डोळ्याची पोर पुढे बसवून माझं नाक कापू नकोस. एसटीच्या कंडक्टरबरोबर बाटली पाठवतोय. चार दिवसांत डोळा स्वच्छ दिसेल. लेबल मीच खरवडलंय, तू वाचशील नि घाबरशील. पोरीला सांग, नानाने मुंबईहून मागवलंय.

तुझा नाना

सावदा, २२ जानेवारी

ती. नानांस सा. न.

पसंती आली! डोळ्याला काही झालं होतं हे कुणाला कळलंही नाही. कुंदा आरशापुढून हलत नाही. तुमचे थेंब झोंबत नाहीत, म्हणून डॉक्टरांचे तिने बंदच केले. मला धडकी भरते, पण तिला हसताना बघून बोलवत नाही. लग्न वैशाखात. हळदीपर्यंत पुरतील एवढ्या बाटल्या पाठवा.

लोटन

धुळे, २ एप्रिल

चि. लोटनास आशीर्वाद.

पत्र मिळालं. डोळा काढावा लागला, वाईट झालं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाटलीचं नाव काढलं नाहीस, बरं केलंस. उरलेल्या बाटल्या बागेत पुरून टाक. मी शिंदखेड्याला जाऊन आलो. मुहूर्त तोच, मुलगा तोच. धाकट्या इंदूला करून घ्यायला ते तयार आहेत. फक्त कुंदाने हळदीत पुढे पुढे करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

नाना

सावदा, १४ एप्रिल

ती. नानांस कुंदाचा साष्टांग नमस्कार.

बाबा पत्र लिहायला बसतात नि उठून जातात, म्हणून मीच लिहिते. हळदीला मी आतच बसेन, काळजी करू नका. माझ्यासाठी घेतलेल्या साड्या इंदूला दिल्या. नाना, तुमच्या थेंबांमुळे दोन महिने मला फार सुखाचे गेले. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. इंदू मात्र ऐकत नाही, रडून रडून तिचे डोळे लाल झालेत. रविवारी साखरपुडा. बाबा बाटल्या कुठे ठेवल्यात ते सांगत नाहीत. तिच्यासाठी तेवढी एक कंडक्टरबरोबर पाठवा.

जीव लावता तसाच लावत राहा.

तुमची कुंदा