मागच्या खोलीतला फ्रीज

प्रिय भिंगरी,

ताईचे पोटभर आशीर्वाद. जिना चढताना गुडघा अजून कुरकुरतो का? खोटे सांगू नकोस. खोटे लिहितेस तेव्हा तुझे अक्षर फार सुंदर येते. आम्ही दोघे ठीक आहोत. म्हणजे अंधारात आहोत, पण ठीक आहोत.

झाले असे, की गेल्या उन्हाळ्यापासून विजेचे बिल वाढतच चालले आणि मला शाळेचे दिवस आठवले. वसतिगृहात मी लाइट मॉनिटर होते, आठवते ना? (ती लाल फीत अजून कपाटात आहे.) दिवा चालू ठेवून जाणाऱ्या मुलीने सिस्टरच्या वहीत माफी लिहायची. तीच पद्धत मी घरात आणली. बटणांच्या बोर्डाखाली खिळ्याला वही टांगली, दोरीला पेन्सिल बांधली. गीझर पंधरा मिनिटे, इस्त्री आठवड्यातून एकदाच. तुझ्या भावजींनी (चाळीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली, माफीतही स्वल्पविराम चुकत नाही) पहिल्याच आठवड्यात चार पाने भरली. एक नोंद जशीच्या तशी देते: “आज सकाळी न्हाणीघरातला दिवा माझ्याकडून चालू राहिला, कारण मी आत होतो.” तो मी बाहेरून बंद केला, हे मात्र त्यांनी मोठ्या मनाने लिहिले नाही.

एवढे करून बिल जेमतेम हलले. शेवटी वायरमनला बोलावले. एकेका प्लगला आपले छोटे मीटर लावत तो मागच्या खोलीत आईच्या जुन्या फ्रीजपाशी येऊन थांबला. दाराचे रबर फाटलेले, मोटर घटकाभर विसावत नाही.

“बाई, घरभर दिवे कशाला विझवताय? सगळी वीज हा एकटा पितोय. आत आहे तरी काय एवढं?”

“पाण्याच्या बाटल्या,” मी म्हणाले.

भावजींनी वही खिळ्यावरून काढली, पेन्सिलीला टोक केले आणि म्हणाले, “घ्या, मॉनिटरबाई.” मी लिहिले, ‘मागच्या खोलीतला फ्रीज दोन वर्षे मी चालू ठेवला, कारण’ आणि पुढे पेन्सिल चालेना. वाक्य तसेच आहे. जन्मभर दुसऱ्यांची वाक्ये दुरुस्त करणाऱ्या माणसाने त्यावर साधी खूणसुद्धा केली नाही.

सोमवारी भंगारवाला फ्रीज न्यायला येईल. तब्येतीला जप.

तुझी,
ताई

ता. क. बाटल्याबिटल्या काही नाहीत. बर्फाच्या कप्प्यात एकच डबा आहे, आईने केलेल्या मटारच्या सुपाचा. झाकणावर चिकटपट्टी, तिच्या अक्षरात: ‘धाकटी आली की’. तू पोचलीस त्याच्या आदल्या दिवशी ती गेली. तो डबा तुला दाखवायचा मला धीर झाला नाही.

आणखी एक. रविवारी ये. सूप पिण्याजोगे राहिले असेल का, ते विचारू नकोस. आपण नुसते गरम करू. मग फ्रीजचे बटण तू बंद कर. वहीत तुला काही लिहावे लागणार नाही.