एक ओळ, सगळ्या बोर्डांसाठी

३ मार्च, मंगळवार

ही वही एक जानेवारीला घेतली. रोज लिहायचं ठरलं होतं. दोन महिने लिहिलं नाही, पण लिहायचं मनात रोज होतं, म्हणजे अगदीच खंड पडला असं नाही. आज जानेवारी-फेब्रुवारीची पानं फाडून टाकली. आता वही वेळेवर सुरू झाली.

परिस्थिती लिहून ठेवतो. मुक्काम ताईकडे. नोकरी भावजींच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे दोन खोल्या, चार टेबलं आणि एक जिना. ऊब देणाऱ्या यंत्रांचे बोर्ड इथे बनतात. कुणी अंडी उबवतं, कुणी पीठ फुगवतं, कुणी कपडे वाळवतं. माझी ही सहावी नोकरी. आधीच्या पाच मी सोडल्या. त्यातल्या दोन आधी त्यांनी सोडायला लावल्या, पण विचार माझाही चालूच होता.

काम भावजींनी समजावलं ते असं. बोर्डाला वीज मिळाली की आधी बूट फर्मवेअर, म्हणजे बोर्डातच पक्का बसवलेला छोटा प्रोग्रॅम, जागं होतं. ते कर्नलला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मुख्य प्रोग्रॅमला, उठवतं आणि हातात चिठ्ठी देतं, की हा बोर्ड अमुक जातीचा. कर्नल आपल्याजवळची यादी बघतो. यादीत नाव असलं तर हीटर-पंखा सांभाळायला लागतो. नसलं तर 'नॉट कंपॅटिबल', जुळत नाही, म्हणून परत आडवा. कर्नल आता नवा आलाय. फर्मवेअर मात्र ज्या त्या बोर्डाचं जुनंच, काही तर बारा वर्षांचं. कपाटात चौदा जातींचे बोर्ड आहेत. प्रत्येकावर नवा कर्नल चढवायचा, हीटर-पंखा तपासायचा, आणि मगच त्याचं नाव यादीत घालायचं.

भावजी म्हणाले, महिनाभर घे, पण एकेक नीट बघ. मी म्हटलं, चौदाच तर आहेत. रोज तीन. शनिवारी मोकळा.

४ मार्च, बुधवार

बोर्ड क्र. १ जुळला. हीटर हीटरसारखा, पंखा पंख्यासारखा.

सोल्डरिंगच्या टेबलावर मावशी बसतात. कारखाना निघाला तेव्हापासून आहेत. त्या म्हणाल्या, अरे वा, पाहुण्यांनी एक केला. मी कुठे टिकत नाही म्हणून मला पाहुणे म्हणतात. मी मनावर घेत नाही.

बाकीचे दोन राहिले, कारण कपाटात बोर्डांच्या मागे एक बंद रेडिओ सापडला.

७ मार्च, शनिवार

रेडिओ जवळजवळ झाला. वायर कमी पडत होती. ड्रॉवरमध्ये एक जुनी केबल होती, विचित्र तोंडाची, सहा पिनांची. असं तोंड हल्ली कशालाच नसतं. कापली.

रेडिओ एका स्टेशनवर खरखरतो. खरखर स्पष्ट आहे.

बोर्ड: एकूण एक.

९ मार्च, सोमवार

बोर्ड क्र. २ कपाटात सापडलाच नाही. मावशी म्हणाल्या, दोन नंबरचे सगळे गिऱ्हाइकांकडे आहेत, सुटा एकच आहे आणि तो माळ्यावर. माळ्यावर चढलो. तिथून गल्लीपलीकडचं छप्पर दिसतं. एक माणूस छपरावर पत्रे बसवत होता. काय सफाई! पत्र्याचं काम शिकावं असं फार वाटलं. जेवणाची वेळ झाली तेव्हा उतरलो. बोर्ड वरच राहिला.

१० मार्च, मंगळवार

आज डोकं चाललं.

प्रत्येक बोर्डाच्या चिठ्ठीत दोन नावं असतात. एक त्याचं स्वतःचं, आणि एक सगळ्या घराण्याचं, आडनावासारखं. मग चौदा नावं कशाला? यादीत आडनाव घातलं की आख्खं घराणं आत. एक ओळ! अंड्यांच्या यंत्रांचा भाग फाइलमध्ये सगळ्यात वर होता, तिथेच टाकली. जागा कमी पडत होती म्हणून अपडेटनंतर जुन्या कर्नलची प्रत पुसून टाकायचंही लिहून दिलं. अडगळ ठेवायची कशाला?

बोर्ड क्र. १ वर चालवून पाहिलं. सुरेख.

भावजींनी विचारलं, सगळे बघितलेस? मी म्हटलं, सगळ्यांशी जुळतं. हे खोटं नाही. जुळतं असं मीच लिहिलंय.

१२ मार्च, गुरुवार

अपडेट सर्व्हरवर ठेवलं. यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं की आपणहून उचलेल. भावजींनी पाठ थोपटली. ताईने फोनवर आईला सांगितलं की याने या वेळी काहीतरी पूर्ण केलं. मी शेजारीच उभा होतो. 'या वेळी' हा शब्द टाळता आला असता.

१३ मार्च, शुक्रवार, सकाळी ८

उबवणी केंद्राच्या काकूंचा फोन. पहाटे दोन मिनिटं वीज गेली होती, आली तेव्हापासून मशीन उलटं चालतंय म्हणाल्या. आतली हवा गार झाली की हीटरऐवजी पंखा लागतो, त्याने आणखी गार होतं, मग पंखा आणखी जोरात. मी विचारलं, बंद करून चालू करून बघितलं का? त्या म्हणाल्या, समोर ये, तुलाच बंद करून चालू करते.

सकाळी १०

काकूंचा बोर्ड क्र. २. त्याच्यावर म्हणे हीटर आणि पंख्याच्या पिना बाकी सगळ्यांपेक्षा उलट आहेत. मावशींना बारा वर्षांपासून माहीत. मी म्हटलं, मग सांगायचं नाही का? त्या म्हणाल्या, पाहुण्यांना कोण कामाचं सांगतं!

भावजी ओरडले नाहीत. नुसते खुर्चीत बसले. मग म्हणाले, मागच्या वर्षी रोगाने काकूंची सगळी शेड रिकामी झाली. त्यानंतरची ही पहिली खेप आहे. बाराशे अंडी सोमवारी आत ठेवलीत, तीस तारखेला पिल्लं निघायला हवीत. ही खेप गेली तर काकू केंद्र बंद करणार आहेत. जा, आणि जुना कर्नल परत चढवून ये.

संध्याकाळपर्यंत परत येतो म्हटलं. निघताना त्यांनी विचारलं, अपडेट मागे घेतलंस ना? मी म्हटलं, घेतोच. पण बस सुटत होती.

दुपारी ४, उबवणी केंद्र

एक लांबट खोली, फरशी धुतलेली, औषधाचा वास. मशीन कपाटाएवढं. आत ट्रेवर ट्रे, सगळी अंडी एकसारखी, कुणीच काही बोलत नाही.

जुना कर्नल परत चढवायला प्रत हवी. ती मीच पुसायला सांगितली होती. ठीक. फर्मवेअरमध्ये यावर तोड आहे: बाहेरून केबल लावून कर्नल भरता येतो. तोंड बघितलं. सहा भोकं, म्हणजे सहा पिनांची केबल.

थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

संध्याकाळी ६

हीटरला बाजूला हाताने चालवायचा खटका आहे. काकूंनी थर्मामीटर दाखवला. साडेसदतीस अंश हवेत. खाली गेलं की खटका वर, वर गेलं की खटका खाली. दर दोन तासांनी दांडा ओढून ट्रे कलते करायचे, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. काकू म्हणाल्या, दिवस तुझा, रात्र माझी, आणि माझ्या पाठीत कळ आली तर रात्रही तुझी.

किती दिवस, विचारलं. केबल येईपर्यंत, म्हणाल्या. मावशींनी केबल मागवली आहे. दोन दिवसांत येते.

म्हणजे दोन दिवस मीच कर्नल.

१४ मार्च, शनिवार

सदतीस पॉइंट तीन. वर. सदतीस पॉइंट सात. खाली.

खिडकीबाहेर एक रस्ता आहे. तो कुठे जातो ते बघायची फार इच्छा आहे. काकूंना म्हटलं, पाच मिनिटांत आलो. त्या म्हणाल्या, तुझ्यापेक्षा अंडी बरी, ठेवली तिथे राहतात.

१६ मार्च, सोमवार

मावशींनी माळ्यावरचा सुटा बोर्ड बसने पाठवला. त्यात जुनाच कर्नल. सुटलो! बसवला, वीज दिली. त्याने डोळे उघडले, सर्व्हरवर माझं अपडेट बघितलं, ते उचललं, जुनी प्रत पुसली आणि पंखा लावला. सगळं मिळून चार मिनिटं. मी समोर बसून बघत होतो. काही करता आलं नाही. नेटची वायर उपटायचं सुचलं ते पाचव्या मिनिटाला.

काकूंनी विचारलं, हे पण तुझंच का? हो म्हटलं. त्या उठल्या आणि खटका वर केला.

अपडेट मागे घ्यायला हवं. इथे फोनवरून सर्व्हर उघडत नाही, पासवर्ड कारखान्यात माझ्या टेबलाच्या कडेला चिकटवलाय. मावशींना सांगावं तर त्या विचारणार, अजून घेतलं नाहीस? नकोच. शिवाय बाकी कुणाचा फोन नाही. बाकी सगळीकडे जुळलं असणार.

१८ मार्च, बुधवार

काकूंनी दिवा लावून एकेक अंडं त्यापुढे धरलं. आत लाल रेघांचं जाळं दिसलं तर जिवंत. नुसतं पिवळं दिसलं तर गेलं. दोनशे एकाहत्तर गेली. काकू म्हणाल्या, एरवी शंभर जातात. वरची शुक्रवारच्या पंख्याने गेली. रागाने नाही म्हणाल्या. चष्मा पुसत म्हणाल्या. 

एक अंडं माझ्या हातात दिलं. आत काहीतरी हललं. मी पटकन परत दिलं.

२१ मार्च, शनिवार

केबल आली. दोन्ही टोकांना भोकंच, पिना कुठेच नाहीत. बोर्डालाही भोकंच. दोघं तोंडाला तोंड लावून बसले.

परत पाठवली. फोनवर मावशी म्हणाल्या, ड्रॉवरमधली आपली कुठे गेली कोण जाणे. मी म्हटलं, आवाज नीट येत नाहीये.

२४ मार्च, मंगळवार

सदतीस पॉइंट पाच. नुसता बसलो होतो. साडेतीन तास खिडकीबाहेर बघितलंच नाही, हे काकूंनी लक्षात आणून दिलं. मला वाटतं पाठ अवघडली असेल.

ठरवलं: परत गेल्यावर चौदाही बोर्ड एकेक करून तपासायचे. किंवा पत्र्याचं काम.

२७ मार्च, शुक्रवार

आता अंडी कलती करायची नाहीत. पिल्लं आत वळून बसली आहेत म्हणे. म्हणजे माझं अर्धं काम गेलं. सारखा हात दांड्याकडे जातो. काकू म्हणाल्या, सोड तो दांडा, त्यांचं ती बघतील.

दुसरी केबल आली. ही बरोबर. काकूंना दाखवली. त्या म्हणाल्या, हात लावायचा नाही. आता तीन दिवसांसाठी मला नवी भानगड नको, तूच बस. हा माझ्यावर विश्वास आहे की नव्या केबलवर अविश्वास, ते विचारलं नाही.

३० मार्च, सोमवार, सकाळी ७

आवाज येतोय. आतून टकटक. दार उघडायचं नाही, ओलावा जातो. काचेतून काही दिसत नाही, काच धुकटलेली.

सकाळी ११

सदतीस पॉइंट दोन. पॉइंट चार. खटका काकूंनी धरला. मी नुसते आकडे वाचले.

संध्याकाळी ५

आठशे सहा.

काकूंनी दोनदा मोजली. एरवी हजाराच्या वर निघतात. मी विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, आता काय, पुढची खेप लावायची. केंद्र चालू राहणार. मग आत जाऊन तोंड धुऊन आल्या.

एक पिल्लू माझ्या बुटावर बसलं. हललो नाही.

३१ मार्च, मंगळवार, सकाळी १०

केबल लावली, जुना कर्नल चढवला, नेटची वायर उपटलेलीच ठेवली. दहा मिनिटांचं काम. बॅग भरली.

भावजींसाठी रिपोर्ट लिहिला: बोर्ड क्र. २ वर अठरा दिवस सलग चाचणी झाली, निकाल समाधानकारक, यंत्रात किरकोळ मानवी मदत लागली. इतर कुठल्याही गिऱ्हाइकाची तक्रार नाही, त्यामुळे ती ओळ बरोबरच होती असं माझं मत. अपडेट मागे घ्यायची गरज दिसत नाही. वाचून बघितला. या रिपोर्टवर बढती मिळायला हरकत नाही.

दुपारच्या बसने निघतो. अडीच आठवडे एका जागी बसून दाखवलं, आता मला पाहुणा म्हणायची कुणाची टाप नाही.

सकाळी ११:१५

काकूंनी बाहेरून हाक मारली. म्हणाल्या, तुझ्याकडे कुणी आलंय. कोण, विचारलं. म्हणाल्या, ओळखीचा नाही, कोपरापर्यंत पीठ लागलंय. बेकरी आहे म्हणतो. रंगकामासाठी पंधरा दिवस बंद होती, काल उघडली. पीठ फुगवायचं कपाट चालू केल्यापासून त्याच्या स्क्रीनवर येतंय, अंडी फिरवा. फिरवल्याशिवाय पुढे सरकत नाही. पीठ दारातून बाहेर आलंय. इथला पत्ता त्याला मावशींनी दिला.

फाटकात उभा आहे. विचारतोय, कुठली अंडी?