ताई येणार म्हणून न्हाणी

४ जानेवारी, रविवार

दाजींचा फोन, सुरतहून. मायने मोबाईल पाटावर ठेवला, आवाज मोठा करून. मी भाकरी थापत होते, सगळं ऐकू आलं.
"वर्षाले सातवा लागी जाई आते. पन तिले आठेच राहू द्या. बाळंतपन सुरतलेच करसूत."
माय म्हणाली, "असं कसं? पहिलं शे. माहेरलेच व्हस."
मग दाजी म्हणाले, "तुमनी ती न्हानी देखी का तुम्ही? तठे नको."
फोन ठेवल्यावर आबा उठून ओट्यावर जाऊन बसले. माय तशीच, मोबाईलकडे बघत.
मला असा राग आला की भाकरी तव्यावर टाकताना फाटली. मोठे आले सुरतवाले. सुरतच्या उधन्यात भाड्याची एक खोली, कोपऱ्यात पडदा लावून मोरी. लग्नानंतर दोनदा आले तेव्हा याच न्हाणीत बादल्या ओतून ओतून न्हायले. तेव्हा चालली.
ताई आली तर चार महिने राहील. या घरात मी फक्त तिच्याशी बोलते. बाकीच्यांशी हो नाहीतर नाही.

५ जाने.

न्हाणी आज नीट पाहिली. मागच्या अंगणात, तीन भिंती तिच्या, चौथी घराची. वर पत्रा. खिडकी नाही. कोपऱ्यात पाणी तापवायची विटांची चूल, तिच्यावरची भिंत पार काळी. हात लावला की हात काळा. खाली काळे दगड, कडेला शेवाळ. बल्ब असा की साबण शोधावा लागतो.
रोज सगळे तिथं अंग धुतात, कोणी बघत नाही. मला पाठ आहे. पाहुणे आले की मी तिथंच जाऊन उभी राहते.
मायला म्हटलं, मी रंगवते.
दादा हसला. "तू? दुकानवालाले रंग मांगता येवाव नही तुले. खुणा करशी का?"
नववीत वर्गात उभं करून धडा वाचायला लावला होता, आवाजच निघाला नाही, तेव्हा पोरं हसली तसाच हसतो हा. शाळा सोडली तरी हसणं सुटलं नाही. ते घरातच आहे.

७ जाने.

दादा नंदुरबारला गेला होता, रंग घेऊन आला. पिवळा. ब्रश एकच, तो पण केस गळणारा. दुकानात काय सांगितलं विचारलं. म्हणे, "काय सांगी? डबा उघडा अन् लावा."

८ जाने.

दिवसभर न्हाणी. शेवाळ घासलं, भिंती झाडल्या, रंग दिला. मान वर करून करून आखडली. डोळ्यात थेंब पडला. दोन हात झाले. संध्याकाळी माय आली, दारात उभी राहिली. "लगीनघर वाटी ऱ्हायनं."
बरं वाटलं. एवढंच लिहिते.

९ जाने.

सकाळी बघते तर चुलीच्या वरच्या भिंतीवर तपकिरी डाग. चहा सांडल्यासारखे, वरून खाली ओघळ. काजळी रंगातून वर आली. दारापाशी तर पापुद्रे सुटले, खालचा चुना घेऊन.
दादा म्हणे, "वा. डिझाईन."
आबा: "काजळीवर रंग धरस का कधी? पहिले खरडाले पाहिजे व्हतं."
काल हाच माणूस ओट्यावर बसून दिवसभर बघत होता मला. काल तोंड शिवलेलं होतं का. मी काही बोलत नाही म्हणून यांनी पण बोलायचं नाही असं ठरलंय का.
ब्रश भिंतीवर फेकला. कोणी नव्हतं तेव्हा.

११ जाने., रविवार

दोन दिवस सकाळी मिरचीच्या मजुरीला, दुपारी खरडणं. मिरचीचे देठ खुडून बोटं आधीच पेटलेली, त्यात काजळी धुवायचं सोड्याचं पाणी. रात्री ताटातला घास पण झोंबतो.
पत्र्याच्या तुकड्याने सगळी भिंत खरडली. आत वीट दिसते काही ठिकाणी.
चूल बाहेर काढू म्हटलं, नाहीतर परत काळं होणार. माय तयार नाही. "बाळंतीनले गरम पानी हातशी पाहिजे. बाहेरून आनता आनता थंडं व्हस."
मी बोलून गेले, बाळंतीण येतच नाहीये, पाणी कोणाला लागणार.
माय खाली वाकली आणि एकेक वीट स्वतः उचलून बाहेर नेली. कंबर दुखते तिची. मी मदतीला गेले तर कोपराने बाजूला केलं.
मला माझाच राग आला. तोंड उघडलं की असं होतं.

१५ जाने.

काल संक्रांत. मायने तिळाच्या पोळ्या केल्या, ताईच्या नावाची एक बाजूला ठेवली. नंतर दादाने खाल्ली.
आज आधी प्रायमर, तो वाळल्यावर रंग. यावेळी मीच दादाकडून दुकानवाल्याला फोन लावून घेतला आणि बाजूला उभी राहून दादाच्या कानात प्रश्न सांगितले. तो वैतागला. "आते तूच बोल ना व." नाही बोलले. पण उत्तरं मिळाली. ओल्या भिंतीवर लावायचं नाही, एका हातानंतर दम धरायचा, वगैरे.
आबांनी वरचा एक पत्रा काढून दुधी प्लास्टिकचा टाकला. दुपारी आत गेले तर उजेड. बादलीच्या तळाचा गंज पण दिसला. एवढी वर्षं आपण काय अंधारात अंग धूत होतो, कोणी सांगेल का. एक पत्रा. एवढंच काम होतं.
नवीन बल्ब, आरसा, कपड्यांना दोन खुंट्या. झालं.

१६ जाने.

दादाने फोटो काढले, दाजींना पाठवले. खाली लिहिलं, मी केलं. मी मागून वाचलं. म्हटलं, "तू काय केलं?"
"रंग कोनी आना?"
दाजींचं उत्तर दुपारी. "ठीक."
ठीक. आठ दिवस बोटं जाळून घेतली, त्याचं ठीक. डाग नाही, अंधार नाही, काजळी नाही, आता काय सोन्याची पाहिजे. यांना आणायचीच नाही ताई. न्हाणी हे नुसतं निमित्त. फुकट स्वयंपाक करणारी जाते ना हातातून.

१८ जाने., रविवार

आज पौष संपतो. माय सकाळपासून म्हणत होती, आता आणायला हरकत नाही. मी ठरवलं, दाजींना काही नाही, ताईलाच विचारायचं. मोबाईल घेऊन न्हाणीत गेले, दार लावलं.
ताईने उचलला. "काय व मुके." ती मला असंच म्हणते. मी सगळं सांगितलं, एका दमात. दाजी कसे आहेत ते पण सांगितलं. दाजी असे, दाजी तसे.
ती म्हणाली, "त्यासले काही म्हनू नको. मीच सांगं त्यासले. मी म्हनं, तुम्हीच बोला, माले मायले सांगता येवाव नही."
मला कळेना.
मग सांगितलं तिने. गेल्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीला आली होती, पहिल्या अंघोळीला न्हाणीत पाय घसरून पडली. ते मला आठवतं. उटणं लावलेलं, तेल, पहाटेची घाई. धप्प आवाज आला, आम्ही सगळे धावलो. ती उठली, म्हणाली काही नाही. दादाने तिच्या पडण्याची नक्कल केली दिवसभर. सगळे हसले. मी पण.
"मन्हा पोटमा व्हतं तव्हय. दोन महिनानं. कोनलेच सांगेल नव्हतं, भाऊबीजले सांगसू असं ठरायेल व्हतं. सुरतले उनी अन् आठ दिनमा गयं."
ती म्हणाली, "शे का तू?"
हो म्हटलं.
"मायले सांगू नको."
फोन ठेवला. आत उभी होते. भिंती एकदम पिवळ्या. डोक्यात जात होत्या.

१९ जाने.

मायला सांगितलं नाही. ती म्हणत राहते, पहिलं आहे, पहिलं आहे. मी उठून जाते.
ताईचा राग येतोय. येऊ नये पण येतोय. मला का नाही सांगितलं. मी कोणाला सांगणार होते. माझ्याइतकं गप्प बसणारं दुसरं कोण आहे तिला. सव्वा वर्ष जवळजवळ. सणाला फोन, काय केलं जेवायला, पाऊस आहे का. सगळं बोलली, तेवढं सोडून.
दाजींना काय काय लिहिलं मी वर. खोडत नाही. लिहिलं ते लिहिलं.
आणि एक. न्हाणीतलं शेवाळ घासायचं काम माझं. चौथीपासून माझंच आहे. त्या दिवाळीला घासलं होतं की नाही ते आठवत नाही. खूप आठवून पाहिलं.

२० जाने.

आज मिरचीला गेले नाही. न्हाणीत पाणी ओतलं आणि अनवाणी चालून पाहिलं. खालचे दगड तसेच. इतक्या वर्षांच्या पायांनी गुळगुळीत झालेत, शेवाळ नसलं तरी सटकतात. साबण पडला की अजून. आम्ही रंगवल्या कशा, तर भिंती. भिंतीवरून कोणी पडतं का.
दाजींनी ठीक म्हटलं ते बरोबरच म्हटलं. फोटोत खालचे दगड पण होते.
आबांना म्हटलं, फरशी बदलू. कधी नाही ते बोलले म्हणून त्यांनी ऐकून तरी घेतलं. म्हणाले, "आते गवंडी कोठे भेटी? लगीनसराई शे. उन्हाळामा करसूत."
उन्हाळ्यात. उन्हाळ्यात बाळ होऊन जाईल. राग गिळून पोट दुखतं का, कोणाला विचारावं.
गोणपाट टाकून पाहिलं. तेच सरकतं.

२२ जाने.

सकाळी गल्लीत आवाज, "टाकी लावा, पाट्याला टाकी". ती बाई वर्षातून एकदा-दोनदा येते, छिन्नी-हातोडी घेऊन. पाटा गुळगुळीत झाला, मिरची वाटली जात नाही, की ती त्याच्यावर टोचे मारून परत खरखरीत करून देते. आता मिक्सर आलेत, तिला कोणी बोलवत नाही जास्त.
ऐकलं आणि डोक्यात आलं. दगडच ना. तो पण, हा पण.
माय शेतात. दादा झोपलेला. ती कोपऱ्यावरून वळत होती. मला हाक मारता येत नाही, अनोळखी माणसाला तर नाहीच. चप्पल न घालता धावले आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने विचारलं, काय ग. मी हात धरून घरी आणली. न्हाणी दाखवली.
ती बघतच राहिली. "पाटा कुठंय?"
मी खाली बोट दाखवलं.
"इथं मसाला वाटता का तुम्ही लोक?" इतकी हसली. मग म्हणाली, "कोण पडलं?"
मी म्हटलं, बहीण. पोटुशी आहे, तिला आणायचंय.
ती हसायची थांबली. पदर खोचला, खाली बसली, हातोडीने एकेक दगड वाजवून पाहिला. एक पातळ निघाला, म्हणाली ह्याला हळू मारते, फुटला तर शिव्या देऊ नको. दुपारपर्यंत टकटक टकटक. दादा उठून आला, "हाई काय लावं?" तिनेच त्याला सांगितलं, "तुझं काम करते बाबा. तू झोप."
पातळ दगडाला एक चीर गेली. बाकी चांगलं झालं. सगळीकडे बारीक बारीक टोचे, पाय ठेवला की पाय धरतो. जाताना तिने पाणी ओतून माझ्याकडूनच चालवून घेतलं, तीनदा.
माय आली, बघितलं, "दगडस्नी वाट लावी दिधी पोरनी." टाच खरचटेल, मळ अडकेल, किती काय काय. मी तिच्याकडे बघून मोठ्याने म्हटलं, "ताई पडनी व्हती आठे." तेवढंच. पुढचं नाही सांगितलं.
माय बराच वेळ न्हाणीच्या दारात उभी होती. तिला काय कळलं, किती कळलं, माहीत नाही.

२३ जाने.

ताईला फोन. दगडांचं सांगितलं. ती म्हणाली, "रविवारले येतस आम्हीन. देखाले. राहाले नही."
बरं म्हटलं.

२५ जाने., रविवार

आले, सकाळच्या गाडीने. ताईचं पोट चांगलं दिसतंय. पाय सुजलेत. दाजी वाळलेत. माझ्याकडे बघून हसले, मला मान वर करता आली नाही.
एकच पिशवी आणली. संध्याकाळी परत जायचं म्हणून उघडली पण नाही.
जेवल्यावर ताई म्हणाली, चल. मागे गेलो. दाराशी थांबली, रंग बघितला, वरचा उजेड बघितला. माझा खांदा धरून एक पाय आत ठेवला. दुसरा ठेवायला किती वेळ लावला.
"हाई बठ्ठं तू करं?"
टाकी त्या बाईने, म्हटलं. बाकी मी.
मला तेव्हा तिला विचारायचं होतं, घासलं होतं का मी त्या दिवाळीला. नाही विचारलं. तिला हे पण विचारायचं होतं की मला का नाही सांगितलं. तो राग अजून तसाच आहे, तिचा हात खांद्यावर होता तरी होता.
म्हणाली, "तू बाहेर थांब." दार लावून घेतलं.
मी बाहेर उभी. आधी पाण्याचा आवाजच नाही. माय भांडी घासायची थांबली. आबा ओट्यावरून उठून आत आले, परत गेले. किती वेळ झाला कोण जाणे. दाजी मागे आले, घड्याळ बघत, "गाडीना टाईम व्हयना. रिक्षा सांगू का?"
मी म्हटलं, "थांबा."
दाजींशी बोललेला माझा हा पहिला शब्द असेल. ते थांबले. भिंतीला टेकून उभे राहिले माझ्या शेजारी.
ताई बाहेर आली तेव्हा साडीचे काठ ओले, पाय ओले घोट्यापर्यंत. केस कोरडे. डोळे लाल. ती सरळ आत जाऊन आडवी झाली.
गाडी गेली. उद्या २६ जानेवारी, दाजींच्या मिलला सुट्टी. आज राहतात म्हणाले. उद्याचं काही सांगितलं नाही.
पिशवी खाटेखाली, चेन लावलेली. सकाळी ताईसाठी पाणी तापवायचं का, कोणी सांगितलं नाही. मी चुलीपाशी लाकडं आणून ठेवलीत.