वाफ नव्हे, नागीण

ताईस धाकट्याचा नमस्कार.

कपाळावरचे फोड सुकलेत, काळजी नको. आम्ही लॉन्ड्रीतली माणसं, फोड दिसला की इस्त्रीची वाफ लागली म्हणून मोकळे होतो. मीही आठ दिवस भाजल्याचं मलम लावलं.

त्वचेच्या डॉक्टर म्हणाल्या, "वाफ काय अर्ध्याच कपाळाला लागते का? ही नागीण. लहानपणच्या कांजिण्यांचा विषाणू नसेत दडून बसतो. पहिल्या तीन दिवसांत यायला हवं होतं."

गोळ्या घेतोय. नागीण उजव्या डोळ्यातही उतरली, त्यापुढे मात्र धुकं आहे. ते जाणार नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मुकादमांनी इस्त्री काढून घेतली.

भावजींची कंबर कशी आहे? आईला फोड सुकले एवढंच सांग. यंदा मी येत नाही. ती आधी डोळ्यांत बघते.

तुझा,
धाकटा