यादीतलं तेविसावं गाव

पिलार,
१३ मार्च २०१७

चि. एलादिओ यास,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ. वि. वि.

काल रविवारी तू तीनदा फोन लावलास. पहिल्यांदा 'ताई' एवढं ऐकू आलं, दुसऱ्यांदा नुसती खरखर, आणि तिसऱ्यांदा 'डॉक्टर म्हणाले की' इथवर येऊन फोन मेला. डॉक्टर काय म्हणाले, कुणाला म्हणाले, या काळजीत माझा दिवस गेला. नदीच्या तटबंदीवर चढून हात उंच करूनही पाहिलं. काही नाही. म्हणून हे पत्र असुन्सिओनच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तुमच्या फोन कंपनीपेक्षा बस बरी. निदान निघाली की पोचते.

इकडे सगळं ठीक. गुडघा दुखतो, पण चालतो. चौकातल्या तुमच्या दुकानावर पुन्हा नवा फलक लागलाय, की फोर-जी आलं, आता पिलारही वेगात. त्यावर एक पोरगी धावते आहे आणि तिच्या हातातल्या फोनमधून ठिणग्या उडताहेत. त्याच फलकाखाली रोज सकाळी तक्रारवाल्यांची रांग असते. आत बसलेली मुलगी प्रत्येकाला फोन बंद करून पुन्हा चालू करायला सांगते. तिचा तरी काय दोष? तिच्याही फोनला रेंज नसते.

तू कंपनीत मोठा साहेब आहेस हे मीच गावभर सांगून ठेवलं, त्याची फळं आता भोगते. रुफिनो खाटीक माझ्या पुडीत हाडंच जास्त घालतो आणि विचारतो, भाऊसाहेबांचा वेग कुठवर आलाय? मी सांगते, ईस्टरपर्यंत. नाताळात जेवताना तूच म्हणाला होतास. शेजारच्या दामियानाबाईंनाही तोच शब्द दिलाय. त्यांची नोएलिया ब्वेनोस आयर्सला लोकांच्या घरी कामाला असते, तुला माहीत आहेच. सहा वर्षांचा नातू, उलिसेस, बाईंनी अजून फोनवरच पाहिलाय, दर रविवारी चारला, तोही तुकड्यातुकड्यानं.

डॉक्टरांचं तेवढं ताबडतोब कळव. चिपा भाजून पाठवतेय, चीज जास्त घातलेला पाव आहे, वाळून दगड व्हायच्या आत खा. मिर्ताला आशीर्वाद. आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बेनिग्नाताई


असुन्सिओन,
२२ मार्च

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले की मीठ कमी करा. एवढंच. मलाच म्हणाले, आणि मिर्ताच्या समोर म्हणाले, त्यामुळे आता घरात मिठाचं भांडं कुलपात आहे. तुझ्या चिपामुळे चार दिवस जीव तगला. अर्धा कचेरीतल्यांनी पळवला. सगळ्यांनी तुझ्या हाताला चव आहे म्हणून कळवायला सांगितलंय.

नेटवर्कचं म्हणशील तर काम सुरू आहे. अशा कामांना वेळ लागतोच. परवाने असतात, यंत्रं बाहेरून यायची असतात, तुमच्याकडच्या रस्त्याला पाऊस झाला की ट्रक रुतून बसतात. लोकांना जरा धीर धरायला सांग. फक्त ईस्टर वगैरे तारखेनिशी सांगू नकोस. असल्या गोष्टी थोड्या मागेपुढे होतात.

गुडघ्याला ऊब दे. रुफिनोकडून हाडं आणलीसच तर सूप कर, फुकट घालवू नकोस. माझ्यावर रागावू नको, माया आहे तशीच असू दे.

तुझा,
एलादिओ


पिलार,
२४ एप्रिल

चि. एलादिओ यास,
अ. उ. आ. वि. वि.

ईस्टर येऊन गेला. काय व्हायचं होतं ते झालं नाही, आणि जे नको होतं ते जवळजवळ झालं होतं. तेच सांगायला बसलेय.

पवित्र आठवड्यातल्या मंगळवारी नोएलियाच्या मालकिणीचा दामियानाबाईंना फोन आला. पोरीच्या पोटात असह्य दुखतंय, इस्पितळात नेताहेत, बहुतेक पोट उघडावं लागेल, आणि पुढे खरखर. बुधवारी उजाडताच बाई तटबंदीवर खुर्ची टाकून बसल्या, एका हातात स्वतःचा फोन, दुसऱ्यात माझा. मी माते चहाचा थर्मास घेऊन शेजारी. दिवसभर नदीवरून होड्या गेल्या, रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारून गेले, ऊन डोक्यावरून पलीकडे उतरलं. फोन दोन्ही गप्प.

गुरुवारी दुपारी बाराला एकदम नऊ निरोप येऊन पडले. शस्त्रक्रिया बुधवारी सकाळी दहालाच नीट पार पडली होती. सव्वीस तास तो निरोप कुठे भटकत होता ते तुम्हीच जाणा. बाई रडल्या नाहीत. घरी गेल्या, अंगणातल्या दोरीवर वाऱ्याला टाकलेला दुखवट्याचा काळा पोशाख काढला, घडी करून पेटीत ठेवला. तो त्यांनी कधी बाहेर काढून टाकला होता, ते शेजारी असून मला कळलं नव्हतं.

आता गावात सह्या गोळा होताहेत. परवापर्यंत आठशे बारा झाल्या. अर्जातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केल्या आणि पहिली सही माझी आहे, हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

एक विचारते. वीस वर्षं तू तिथे आहेस. 'कचेरीत' यापलीकडे मी कधी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तू तिथे नेमकं काय काम करतोस?

उत्तर येईपर्यंत आशीर्वाद आहेतच.

बेनिग्नाताई


असुन्सिओन,
३ मे

ती. ताईस,
सा. न.

चार वेळा कागद घेऊन बसलो आणि चार वेळा फाडला.

मी यादी करतो. कोणत्या शहराचे टॉवर आधी बदलायचे, कोणाचे नंतर, याचा क्रम लावून वर पाठवतो. माणसं किती, फोन किती, तक्रारी किती, रस्ता कसा, या सगळ्याला गुण असतात. दोन वर्षांपूर्वी बेरीज केली तेव्हा पिलार नववं आलं होतं. मी ते तेविसावं केलं. यादीत तेवीसच गावं आहेत.

त्याच्या आदल्या महिन्यात आमच्यातल्या एकानं सासुरवाडीचं गाव वर सरकवलं होतं आणि तो पकडला गेला. जेवणाच्या सुट्टीत सगळे त्याला हसायचे. मला वाटलं, पिलार वर दिसलं की मलाही हसतील. म्हणून पिलारच्या तक्रारींना निम्मे गुण दिले, रस्ता आहे त्याहून वाईट दाखवला. कुणी मला काही विचारलं नव्हतं, ताई. उलट साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली, की एलादिओ स्वतःच्या गावालाही सूट देत नाही. ती थाप मी दोन वर्षं मिरवली.

आणि ईस्टर. नाताळात तुझ्या टेबलाशी सगळे माझ्याकडे पाहत होते. 'माहीत नाही' म्हणण्यापेक्षा तारीख सांगणं सोपं गेलं. तेव्हाच मला ठाऊक होतं की ते खोटं आहे.

तुझं पत्र वाचल्यापासून तो दोरीवरचा पोशाख डोळ्यांपुढून जात नाही. मिर्ता विचारते काय झालं, आणि मी मिठाचं निमित्त सांगतो.

लोभ ठेव, असं लिहायला आज हात धजत नाही.

एलादिओ


पिलार,
२६ मे

चि. एलादिओ यास,
आ.

तीन आठवडे लिहिलं नाही. रागात माझं अक्षर बिघडतं, आणि बिघडलेल्या अक्षरात पत्र पाठवायची मला सवय नाही.

चाळीस वर्षं मी वर्गात सांगत आले, की नापास झालात तर चालेल, गुणपत्रिकेवर खाडाखोड करायची नाही. गुण वाढवणारी पोरं पुष्कळ पाहिली. स्वतःचेच गुण कमी करून शाबासकी मिळवणारा तू पहिला. आई असती तर तिनं तुला मारलं असतं की जवळ घेतलं असतं, ते ठरवता ठरवता माझे हे तीन आठवडे गेले.

गावात कुणाला सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांगायचं. दामियानाबाईंना मात्र पत्र वाचून दाखवलं. त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसले होते मी. नंतर रोज कुंपणापलीकडून त्यांना हाक मारायची आणि हे पोटात ठेवायचं, ते जमेना. त्या बराच वेळ माते चहा ओतत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. तर म्हणाल्या, "भावाला म्हणावं, एकदा रविवारी चारला माझ्यापाशी येऊन बस."

दहा जूनला, शनिवारी, चर्चच्या सभागृहात सह्या करणाऱ्यांची सभा आहे. ये. मागच्या खोलीत पलंगावर जाड पांघरूण घालून ठेवते, मे संपत आला, हिवाळ्याची थंडी पडलीय. येताना भेटवस्तू काही आणू नकोस.

ताई


असुन्सिओन,
१० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचल्याचं लगेच कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही हातात नव्हतं. आता आहे.

सभेचं तुला काय सांगू, तू पहिल्याच रांगेत होतीस. मी यादीचं सगळं सांगून थांबलो तेव्हा जी शांतता पसरली, तिच्यापेक्षा रुफिनोची शिवी ऐकून बरं वाटलं. लोक उठून गेले, काही जण पाठ करून उभे राहिले, तरी तू जागची हलली नाहीस. घरी येताना तू माझा हात धरून चिखल ओलांडलास. गुडघा तुझा दुखत होता की आधार मला हवा होता, ते मी विचारलं नाही.

रविवारचं तुला माहीत नाही. तू मुद्दाम आली नाहीस. दामियानाबाईंनी केस विंचरले, कानांत डूल घातले आणि आम्ही तटबंदीवर गेलो. चारला फोन लागला. उलिसेस दिसला, 'आजी' म्हणाला, आणि तोंड अर्धवट उघडं, एक हात वर, असा थिजला. आवाजही गेला. मी सवयीनं म्हणालो, बंद करून पुन्हा लावा. चौकातल्या त्या मुलीसारखंच. बाईंनी मान हलवली. "बंद केला की चेहराही जातो," म्हणाल्या. मग त्या थिजलेल्या चित्राशीच बोलत राहिल्या. कोंबडी खुडूक बसलीय, नदी चढतेय, शाळेत डबा सगळा खात जा. पाव तास. पलीकडे काही पोचत नाही, हे त्यांना माहीत होतं. फोन पिशवीत ठेवताना त्या मला म्हणाल्या, "दर वेळी मोठा झालेला दिसतो बघ. पण मोठा होताना कधी दिसत नाही."

मला माफ केलं म्हणाल्या नाहीत, केलं नाही असंही नाही. उतरताना त्यांची खुर्ची मी उचलली, तेवढी उचलू दिली.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर मूळचे गुण ठेवले, मी काय केलं ते लिहून खाली सही केली आणि तू निघताना दिलेली तुमच्या आठशे बारा सह्यांची प्रत जोडली. साहेबांनी दार लावून घेतलं. असलं कागदावर आणायचं नसतं, गुपचूप दुरुस्त करू, असं बरंच समजावलं. मी म्हणालो, कागदावर आलंय. गेल्या आठवड्यात निकाल लागला. यादीचं काम माझ्याकडून काढून घेतलंय. आता शहराबाहेरच्या गोदामात सुटे भाग मोजतो. नवी यादी दुसऱ्यानं केली. तुमच्या तक्रारी धरून पिलार आठवं आलं. नोव्हेंबर म्हणताहेत. तू मात्र कुणाला तारीख सांगू नकोस. माझाच आता तारखांवर विश्वास राहिलेला नाही.

मिर्ताला सगळं सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गोदामात न्यायला डबा भरून दिला, त्यात मीठ होतं.

लोभ ठेवलास हे तो हात धरलास तेव्हाच कळलं. तसाच असू दे.

तुझा,
एलादिओ


पिलार,
२० नोव्हेंबर

चि. एलादिओ यास,
ताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

माणसं दोन तारखेला आली. बारा दिवस टॉवरवर चढत होती, खाली रिकामटेकड्यांची जत्रा. तेरेरे चहाचा गार पेला कुणी ना कुणी त्यांच्या हातात देतच होतं. मी कुणाला तारीख सांगितली नव्हती, त्यामुळे गावाला आपोआप घडल्यासारखं वाटलं. आता रुफिनोची नवी तक्रार आहे, की मेहुणीचा फोन दिवसातून चारदा येतो आणि एकदाही तुटत नाही. मांस मात्र बरं देतो.

काल चारला दामियानाबाईंनी कुंपणावरून हाक मारली. अंगणातच बसल्या होत्या. उलिसेस स्पष्ट दिसला, पडलेला दात दाखवला, शाळेतलं काहीबाही बडबडला आणि पाच मिनिटांत कंटाळला. आईच्या हातात फोन कोंबला आणि गल्लीत सुटला. नोएलिया ओशाळली, त्याला ओरडून परत बोलवायला लागली. बाईंनी तिला थांबवलं. "असू दे गं, फोन तसाच धर. पळतोय तो, बघू दे मला." गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत त्या बघत होत्या. मग मला म्हणाल्या, की पळताना डावा पाय बाहेर टाकतो, हुबेहूब त्याच्या आजोबांसारखा.

तुझ्याबद्दल गावात कमी बोलतात. सभेतलं लोकांच्या लक्षात आहे, ते पुसलं जाणार नाही आणि तू तशी अपेक्षाही करू नकोस. टॉवर सह्यांमुळे आला, असं सगळे म्हणतात. ते खरंच आहे. त्या सह्या कुणी साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि आता तो कुठे सुटे भाग मोजत बसलाय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. चूक तू स्वतःच्या तोंडानं सांगितलीस, पुढचंही सांगायचं तर तूच सांग. पूर्वी मी तुझा अभिमान चौकात मिरवत असे आणि त्यात माझीच हौस जास्त होती. आता तो घरात ठेवते. जास्त टिकतोय.

नाताळाला दोघंही या. यंदा तुला कुणी तारीख विचारणार नाही, आणि विचारलीच तर 'माहीत नाही' म्हणायला माझ्या टेबलाशी मुभा आहे.

माझ्याकडून काही कमी नाही. तुझ्याकडून होऊ नये, एवढंच.

तुझी,
बेनिग्नाताई