चिमणीचं इन्शुलिन

अगं,

तुझा फोन लागत नाही. त्या नटीच्या आरोग्य-शिबिरात फोन दारातच काढून घेतात, हे आत्ता शेजारच्या काकूंकडून कळलं, म्हणून ही चिठ्ठी मिक्सरला चिकटवून जातोय. चिमणीला मोठ्या हॉस्पिटलात नेतोय. शाळेतून आणली तेव्हापासून सारखी ओकतेय, धापा टाकतेय. काकू तिला मांडीवर घेऊन रिक्षात बसल्यात.

मागच्या आठवड्यात आणलेली इन्शुलिनची पेनं फ्रिजमध्ये तशीच सीलबंद आहेत. मी चिमणीला विचारलं, तर कशीबशी म्हणाली, "बाबा, आईला ओरडणार नसशील तर सांगते. आता सुई नाही, फक्त हिरवा रस. त्या सिनेमातल्या ताई मोबाइलवर म्हणाल्या, त्यानं साखर मुळापासून जाते."

त्या बाईचं काय जातंय गं? तिला कुठे पोटच्या पोरीला रोज टोचावं लागतं? टोचून झालं की बाथरूममध्ये नळ सोडून तू रडायचीस, मला का ठाऊक नाही? तुला जे ऐकायचं होतं, नेमकं तेच तिनं ऐकवलं.

तुझ्यावर ओरडायचं त्राण माझ्यात नाही. समोरच्या शिंप्याला सांगून ठेवलंय, तो तुला स्कूटरवरून हॉस्पिटलात सोडेल. शेवटची सुई कधी दिली, हे डॉक्टर आधी विचारतील आणि ते फक्त तुलाच माहीत आहे. घाबरून काही लपवू नकोस. आलीस की खरं ते सांग.

यापुढे सुई मी टोचत जाईन. रोज टोचेन. फक्त पोर वाचू दे.